पुढचं सांगायचं राहिलं

“त्यांचं गाव कोणतं?” पूनमनं विचारलं तेव्हा एस्तेर गॅसवरून चहाचं पातेलं उतरवत होती. तिचा हात मध्येच थांबला. प्रश्न काही अवघड नव्हता. इकडची कुणीही बाई नवीन माणूस दिसला की पहिल्यांदा हेच विचारते, गाव कोणतं, कुणापैकी, इकडं कुणाकडं आलात. पण येशूबद्दल असं कुणी विचारलेलं एस्तेरनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. बोलणं निघालं होतं साध्याच गोष्टीवरून. पूनम मागच्या रविवारी लवकर आली होती आणि दाराला कुलूप बघून तासभर पायरीवर बसली होती. म्हणून तिनं विचारलं, सिस्टर, रविवारी सकाळी तुम्ही जाता कुठं? दौंडला, चर्चला. तिथं कोण असतं? येशू ख्रिस्त, असं एस्तेर सवयीनं बोलून गेली. त्यावर धनश्री म्हणाली, “ते नाताळचे ना? लाल टोपीवाले?” आणि एस्तेर हसून नाही म्हणाली, ते वेगळे. मग हे कोण, म्हणून हा प्रश्न. पातेलं खाली ठेवून तिनं सांगितलं, “नासरेथ. लांब आहे. लहानसं गाव होतं. त्या गावातून काही चांगलं निघेल असं कुणाला वाटत नसे.” “म्हंजी आमच्या राहूसारखं,” नागसेन म्हणाला. राहू हे धनश्रीचं आजोळ, म्हणून तिनं त्याच्या पाठीत वही मारली, आणि चहा गाळताना एस्तेरला जाणवलं की आपल्या छातीत काहीतरी धडधडतंय. भीती म्हणावी तर तशी भीती नव्हती. बरीच वर्षं न उघडलेली खिडकी कुणीतरी बाहेरून ढकलावी, तसं काहीतरी.

ही चार मुलं दर रविवारी दुपारी यवतला तिच्या पडवीत यायची. पूनम आणि तिची चुलतबहीण धनश्री भांडगावच्या वस्तीवरून, नागसेन आणि त्याची बहीण तेजश्री यवतमधूनच, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीतून. चौघांनाही बारावीनंतर नर्सिंगला नाहीतर लॅब टेक्निशियनच्या कोर्सला जायचं होतं आणि इंग्रजीची धास्ती होती. एस्तेरनं दौंडच्या रेल्वेच्या दवाखान्यात नर्स म्हणून सगळी नोकरी काढली होती. सिग्नल खात्यातून निवृत्त झालेल्या नवऱ्यानं, जयवंतनं, हायवेपासून जरा आत प्लॉट घेऊन हे घर बांधलं. घरात नीट राहायला मिळालं त्याला जेमतेम वर्षभर. तो गेल्यावर घराला आवाज हवा म्हणून तिनं ही शिकवणी सुरू केली, हे तिला स्वतःला ठाऊक होतं. मुलांना ते सांगायचं कारण नव्हतं. ती हाडांची नावं शिकवी, औषधाचा डोस कसा वाचायचा ते शिकवी, मुलं मोठ्यानं म्हणत, आणि शेजारच्या गुऱ्हाळातून उकळत्या रसाचा गोड धुरकट वास पडवीभर पसरे.

त्या दिवशी जाताना पूनम म्हणाली, “सिस्टर, पुढच्या रविवारी त्यांचं सांगा. अभ्यास झाल्यावर.” एस्तेर म्हणाली, “घरी विचारून या. घरचे हो म्हणाले तरच सांगेन. आणि नाही म्हणाले तर शिकवणी काही बंद होणार नाही.” रात्री मुलाचा, विनीतचा, हडपसरहून फोन आला तेव्हा ती हे सहज बोलून गेली. तो म्हणाला, “मम्मी, कशाला? सध्या दिवस कसे आहेत बघतेस ना? कुणी मोबाईलवर व्हिडिओ काढला, कुणी म्हणालं की बाई पोरांना बाटवते, तर तू एकटी आहेस तिथं.” विनीत स्वतः कित्येक वर्षांत चर्चमध्ये गेला नव्हता. त्याच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. “त्यांनी विचारलं रे,” एवढंच ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, आजवर कुणी विचारलं तरी कुठं होतं? शाळेत, दवाखान्यात, शेजारीपाजारी, तुम्ही मूळचे कोण हे सगळ्यांनी विचारलं. आधी कुठली जात, कधी बाटलात, ख्रिश्चन असून कुंकू कसं लावता. पण ज्याच्यामुळे हे सगळं झालं त्याचं गाव कोणतं, हे पहिल्यांदा भांडगावच्या एका धनगराच्या पोरीनं विचारलं.

पुढच्या रविवारी मुलांनी घरचे निरोप आणले. धनश्री म्हणाली, “आई म्हणली ऐक, पर कुणाच्या पाया पडू नको.” नागसेन म्हणाला, “आमचे पप्पा म्हणले, ऐक आणि प्रश्न विचार. प्रश्न न विचारता काय मानायचं न्हाई.” पूनमच्या आजीनं, म्हाळसाबाईंनी, सांगितलं होतं की बाई चांगली असंल तर ऐकाया काय हरकत हाय. एस्तेरनं दौंडच्या संडेस्कूलमध्ये कितीतरी वर्षं मुलं शिकवली होती, म्हणून ती निर्धास्त होती. पण तिसऱ्याच वाक्याला ती अडखळली. “येशू आपल्या तारणासाठी आला,” असं ती म्हणाली आणि धनश्रीनं विचारलं, “तारण म्हंजी? सोनं ठेवत्यात तसलं?” सगळे हसले, तीही हसली, पण मग तिच्या लक्षात आलं की ह्या शब्दाऐवजी दुसरा शब्द आपल्याजवळ नाही. कृपा, पाप, उद्धार, पाचारण. शिरूरच्या मिशनच्या वसतिगृहात घोड नदीच्या काठी लहानपणापासून हे शब्द तिनं पाण्यासारखे प्याले होते, आणि पाण्याला चव असते का हे कधी बघितलं नव्हतं. ती शब्द बाजूला ठेवून नुसतं काय घडलं तेवढं सांगू लागली. आंधळा रस्त्याकडेला ओरडत होता, लोक म्हणत होते गप बस, आणि हा थांबला. एका बाईला वर्षानुवर्षं अंगावरून रक्त जायचं, वैद्य झाले, सगळं झालं, तिला कुणी शिवत नसे, आणि तिनं गर्दीत मागून जाऊन त्याच्या कपड्याच्या टोकाला हात लावला. हे सांगताना एस्तेर नर्स होऊन सांगत होती, लाज न धरता. तेजश्री कधीच बोलायची नाही. तिनं हळूच विचारलं, “मग ते चिडले का? इटाळ झाला म्हणून?” एस्तेर म्हणाली, “नाही. तिला ‘मुली’ म्हणाला, लेकीला म्हणावं तसं.” तेजश्रीनं मान खाली घातली आणि बराच वेळ वर केली नाही. त्या संध्याकाळी मुलं गेल्यावर एस्तेर पडवीतच बसून राहिली. तिला वाटलं, ही गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली आहे आणि आज पहिल्यांदा ऐकली.

असे काही रविवार गेले. गाडीतून दौंडहून परतताना ती खिडकीशी बसून आज कुठून सुरू करायचं ते ठरवी, आणि पोरं तिचं ठरवलेलं सगळं मोडून टाकत. नागसेन प्रश्न विचारी आणि ते प्रश्न चांगले असत. “तुमच्यात पण जात ऱ्हायलीच की, सिस्टर. मग बदलून काय झालं?” तिनं खरं ते सांगितलं, की राहिली आहे, लग्नं जमवताना दिसते, आणि त्याला ते आवडत नाही असं मला वाटतं. “कुणाला?” “येशूला.” नागसेननं तिच्याकडं निरखून बघितलं. ह्या बाईचं त्या माणसाशी रोजचं बोलणं असावं असं काहीतरी त्याच्या मनात आलं असावं, आणि एस्तेर आतून वरमली, कारण तसं बोलणं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. जयवंत गेल्यापासून ती चर्चला जात होती, गाणी म्हणत होती, डोळे मिटत होती. कुणाला काही कळलं नसतं. डोळे मिटल्यावर पलीकडं कुणी आहे असं वाटायचं ते मात्र थांबलं होतं, आणि तिनं त्याची तक्रारही केली नव्हती. वॉर्डात एखाद्या बेडवरचा दिवा गेला की बाकीच्या दिव्यांवर काम चालतं, तसं चाललं होतं.

मग तो रविवार आला. येशूनं शिष्यांचे पाय धुतले इथवर आदल्या वेळी झालं होतं. ती बाग, ती रात्र, मशाली घेऊन आलेले लोक, मग ती चौकशी असं सांगत असताना मध्येच तिच्या लक्षात आलं की ह्या चौघांना शेवट माहीत नाही. आजवर तिनं ज्या ज्या मुलांना हे सांगितलं, त्यांच्या घरात भिंतीवर वधस्तंभ टांगलेला होता. त्यांना काय व्हायचं ते जन्मापासून ठाऊक होतं. ही मुलं मात्र पुढं सरकून बसली होती. “सुटणार बघ,” नागसेन तेजश्रीला म्हणाला, “साक्षीदार आपापसात जुळत न्हाईत.” पूनमला वेगळीच घाई झाली होती. “पर पळून का न्हाई गेले? अंधार व्हता की. बाग व्हती. मागनं जायचं व्हतं.” आणि येशूचा जवळचा शिष्य पेत्र आगटीशी शेकत बसून म्हणाला, मी त्या माणसाला ओळखत नाही, तेव्हा ती जोरात “शी!” म्हणाली, स्वतःच्या घरातलं कुणी तसं वागल्यासारखी. एस्तेर सांगत गेली. खिळे कुठं मारतात, सगळं वजन हातांवर आल्यावर छाती कशी ताणते, श्वास घ्यायला स्वतःला वर कसं उचलावं लागतं, हे तिनं कधी संडेस्कूलमध्ये सांगितलं नव्हतं. आज ते आपोआप आलं. कारण हाडं आणि फुप्फुसं ह्या मुलांना तिनंच शिकवली होती. आणि मग ती म्हणाली, “त्यानं पाणी मागितलं,” आणि थांबली.

जयवंतच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. पाणी मोजून द्यायचं होतं. पुण्याच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी तो सारखं पाणी मागत होता, लहान मुलासारखा, चिडून, विनवून, आणि ती बायको असली तरी नर्स होती. तिला कळत होतं. तिनं कापसाचा बोळा ओला करून त्याच्या ओठांवरून फिरवला. बरोबरच होतं ते. कुणीही तेच केलं असतं. त्यानं तो बोळा ओठांत धरून ठेवला, सोडेचना, तिनं हळूच ओढून घेतला. त्यानंतर तो काही बोलला नाही. आणि तासाभरात पास्टर आले, नणंद आली, दौंडची मंडळी आली, आणि प्रत्येकानं तिचा हात धरून सांगितलं, तो प्रभूजवळ गेला, चांगल्या ठिकाणी आहे, रडू नकोस. ते खोटं होतं असं तिला तेव्हाही वाटलं नाही. पण आता पडवीत, चार पोरांसमोर, ओठ कोरडे पडलेले असताना तिला कळलं की त्या दिवशी सगळ्यांनी घाई केली होती. मरणाच्या शुक्रवारीच उठण्याचा रविवार सांगून टाकला होता. तिच्या वाट्याचा शुक्रवार तिला कुणी दिलाच नव्हता.

“मग दिलं का पाणी?” धनश्रीनं विचारलं. “आंब दिली, आंबट दारू,” एस्तेर म्हणाली, “बोळ्यावर.” मग ती म्हणाली, “आणि मग तो मेला.” बाहेर ऊस वाहणारा ट्रॅक्टर गाणी लावून गेला. “मेले म्हंजी?” पूनम म्हणाली, “खरंच?” एस्तेरनं मान हलवली. तेवढ्यात भांडगावकडं जाणाऱ्या टमटमवाल्यानं हायवेवरून नेहमीसारखा हॉर्न दिला. दोघी बहिणींनी दप्तरं उचलली. पुढचं पुढच्या रविवारी, असं एस्तेर म्हणणार होती. पण तोंडातून शब्द फुटला नाही. फाटकातून जाताना पूनमनं मागं वळून बघितलं. ते बघणं एस्तेरला ओळखीचं होतं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेले नातेवाईक असं बघतात.

त्या आठवड्यात तिला चैन पडलं नाही. फोन करून सांगावं का? पण हे काय फोनवर सांगायचं असतं? तिच्या मनात सारखं शिरूर येत होतं. वसतिगृहात उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, उपासना भर दुपारी तीन-तीन तास चाले. उन्हानं एखादी मुलगी भोवळ येऊन पडे, मग झुंबरबाई मेट्रन तिला व्हरांड्यात नेऊन कांदा हुंगवत. आणि त्या सगळ्या वेळात पोरींच्या डोक्यात काय असे? परवा ईस्टरला उकडलेलं अंडं मिळणार, नवा फ्रॉक घालायचा. वधस्तंभाखाली बसून सगळ्या जणी फ्रॉकचा विचार करत होत्या. झुंबरबाई सुद्धा. रविवार आधीच ठाऊक असलेला शुक्रवार, तो काय शुक्रवार? आणि इकडं भांडगावच्या वस्तीवर एक मुलगी आहे, तिला हे ठाऊक नाही. तिच्या लेखी तो मेला आहे आणि त्याच्या सोबत्यांनी दगा दिला आहे आणि गोष्ट संपली आहे. साऱ्या दौंड तालुक्यात येशूच्या त्या पहिल्या मंडळींसारखी आज कुणी असेल तर ती पूनम आहे, असं एस्तेरला भांडी घासताना वाटलं. आणि मी, असं लगेच मागोमाग वाटलं. नळ चालू ठेवून ती तशीच उभी राहिली. मग ती रडली, पुष्कळ रडली, पाणी वाहून चाललंय ह्याचंही तिला भान नव्हतं. जयवंतच्या मातीला ती एवढी रडली नव्हती.

बुधवारी संध्याकाळी फाटकाशी मोटरसायकल थांबली. पूनमचे वडील मारुतराव. त्यांना तिनं एकदाच पाहिलं होतं, शिकवणीला मुलींना पहिल्यांदा सोडायला आले तेव्हा. उंच, रापलेले, मिशीवाले. त्यांच्याकडं बघून एस्तेरला विनीतचा फोन आठवला. ते पडवीच्या पायरीपाशीच उभे राहिले.

“सिस्टर, जरा इचारायचं व्हतं. कोण मेलंय?”

“म्हणजे?”

“पूनम रविवारपासनं नीट जेवंना. कुणाशी बोलंना. काल आईनं लई खोदून इचारलं तर म्हणती, ते मेले, आन् त्यांच्या माणसांनी त्यांना सोडलं. कोण ते तर म्हणती, सिस्टरांचे.” ते थांबले. “मला वाटलं तुमच्याकडं कुणाचं काय झालं का. म्हणून आलो. आपण काय भांडाया आलो न्हाई.”

एस्तेरनं पडवीतली खुर्ची पुढं ओढली. “बसा,” ती म्हणाली आणि मग तिनं सांगितलं. तुमची मुलगी घरी विचारून आली होती, गोष्ट येशूची होती, आणि ती अर्धीच झाली. “पुढचं सांगायचं राहिलं. मलाच सांगता आलं नाही. माझी चूक नाही असं नाही म्हणत मी, पण मला त्या दिवशी बोलताच येईना.” मारुतराव टोपी काढून डोकं खाजवत ऐकत होते. “म्हंजी अजून हाय का पुढं?” “आहे.” “चांगलं हाय का वाईट?” “चांगलं आहे.” “मग चला की,” ते म्हणाले, “आत्ताच चला. घरी येऊन सगळ्यांसमोर सांगा. आमची म्हातारीबी ऐकंल. जे काय हाय ते एकदा उजेडात होऊ द्या, म्हंजी कुणाच्या मनात काय ऱ्हात न्हाई.” ती साडीचा पदर खोचून मोटरसायकलवर मागं बसली. या वयात, परक्या माणसाच्या गाडीवर, हायवेवरून. वाटेत ढाब्यांच्या पाट्या मागं पडत होत्या आणि वारा डोळ्यांत जात होता. तिला आठवत होतं की चांगलं आहे असं आपण म्हणालो खरं, पण ते आपल्याला अजून चांगलं वाटतं का? माहीत असणं आणि वाटणं यात किती अंतर असतं, यवतपासून भांडगाव एवढं तरी असेल.

वस्तीवर सिमेंटचं नवं घर होतं आणि पुढं सारवलेलं अंगण. म्हाळसाबाई बाजेवर बसल्या होत्या, कपाळावर भंडाऱ्याचा पिवळा पट्टा, हातात चांदीचं जाड कडं. पूर्वी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत जाणारं हे कुटुंब. आता ऊस आणि दोन म्हशी. कुणी काही विचारायच्या आधी पूनमच्या आईनं तांब्याभर पाणी आणून दिलं आणि एस्तेरनं ते सगळं संपवलं, घोट घोट करत, तांब्या पालथा होईपर्यंत. पूनम दारात येऊन उभी राहिली. तिचं तोंड खरंच उतरलं होतं. धनश्री शेजारच्या घरातून धावत आली. म्हाळसाबाई म्हणाल्या, “ये बाई, बस. माझ्या नातीला कुणाचं सुतक लागलंय ते सांग.”

एस्तेरनं सांगायला सुरुवात केली, आणि ह्या वेळी तिनं काहीच ठरवलं नव्हतं. शनिवारचं सांगितलं आधी. कुणी काही बोलत नव्हतं, दारं लावून बसले होते, जेवण जात नव्हतं. पूनमनं वर बघितलं. मग रविवारी पहाटे काही बायका निघाल्या. पुरुष नाही गेले, बायका गेल्या, अंगाला लावायची सुगंधी द्रव्यं घेऊन. शेवटचं न्हाणं-माखणं घाईत राहिलं होतं ना. “व्हय, ते बायांनाच बघावं लागतं,” म्हाळसाबाई म्हणाल्या. वाटेत त्यांना एकच काळजी, त्याला ज्या गुहेत ठेवलं होतं तिच्या तोंडावरची धोंड ढकलायची कुणी? आणि जाऊन बघतात तर धोंड बाजूला, आत कुणी नाही. “नेला?” मारुतराव म्हणाले, “कुणी उचलून नेला?” “एकीला तसंच वाटलं. मरीया तिचं नाव. बाकीच्या पळाल्या, ती तिथंच रडत राहिली. मागं कुणीतरी उभं होतं. तिला वाटलं माळी आहे. ती त्याला म्हणाली, दादा, तुम्ही त्यांना कुठं ठेवलं असेल तर सांगा, मी नेते.” एस्तेर पुढं सांगत गेली. “आणि तो म्हणाला, मरीये. एवढंच. नाव घेतलं फक्त.”

हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि तिला जयवंतचा आवाज ऐकू आला. आठवला नाही, ऐकू आला. “एस्तू.” ड्यूटीवरून येऊन दौंडच्या क्वार्टरच्या फाटकाची कडी काढताना तो अशी हाक मारी, शेवटचा ऊ जरा लांबवून, आणि दीड-दोन वर्षांत तो आवाज तिला एकदाही आठवता आला नव्हता. नेहमी तो कोरडा आवाजच येई, पाणी मागणारा. आता दवाखाना नव्हता, नळ्या नव्हत्या. नुसती हाक होती, कुणीतरी घरी आल्याची. तिच्या गुडघ्यावर कुणाचातरी हात होता. पूनमचा. ती कधी येऊन जवळ बसली होती कळलं नाही.

“आवाजावरनं वळखलं तिनं?” पूनमनं विचारलं.

“हो. तोंड बघून नाही ओळखलं. आवाजावरून.”

“वळखत्यात,” म्हाळसाबाई म्हणाल्या. “आमची मेंढरं अंधारात दुसऱ्याच्या कळपात मिसळली तर तुझ्या आज्ज्यानं नुसतं ‘हुर्रर्र’ करायचं. आमची तेवढी निघून यायची. मग जिता व्हता म्हण की तो.”

“जिवंत होता. जिवंत आहे.”

मग पूनमनं जे विचारलं त्याची एस्तेरला कल्पनाही नव्हती. “आन् तो पेत्र? वळख दाखवली न्हाई तो? त्याला काय केलं त्यांनी?” तेव्हा एस्तेरला हसू आलं, डोळ्यांतलं पाणी न पुसता. “त्याच्यासाठी तळ्याच्या काठावर मासे भाजले,” ती म्हणाली, “आणि म्हणाला, या, जेवून घ्या.” “त्याला रागं बोलले न्हाईत काय?” “बोलला. पण आधी जेवायला घातलं.” पूनमनं एक मोठा श्वास सोडला. सगळ्या अंगणाला ऐकू गेला असेल असा. मारुतराव उठून टोपी झटकत म्हणाले, “सिस्टर, आपला खंडोबा हाय आपल्याला. ते काय बदलत न्हाई. पर गोष्ट चांगली हाय. अर्धी सोडत जाऊ नका बघा. पोरी येतील रविवारी.” “या,” एस्तेर म्हणाली. विनीतला काय सांगायचं ते तिला आता कळलं होतं. काही सांगायचं नव्हतंच. पुढच्या वेळी आलास की भांडगावला नेते, एवढं म्हणायचं.

मग जेवल्याशिवाय सोडायला कुणी तयार होईना. उजेड होता अजून. म्हशी बांधायच्या होत्या, आणि पूनमच्या आईनं चुलीवर भाकरी टाकायला घेतल्या. ताटं अंगणातच मांडली. भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, लसणाची चटणी, ताज्या गुळाचा खडा. पूनमनं आपलं ताट एस्तेरच्या शेजारी ओढलं आणि कुणाची वाट न बघता भाकरीचा तुकडा मोडला, तेव्हा म्हाळसाबाईंनी तिच्या हातावर चापट मारली. “थांब की जरा. दौंडच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटंवर ह्यांच्यातली एक बाई व्हती, ती जेवायच्या आधी डोळं झाकून काय तरी म्हणायची. म्हणा, सिस्टर. आमच्या घरात म्हणा.”

एस्तेरनं डोळे मिटले. जेवणाची प्रार्थना तिला झोपेतही म्हणता आली असती, पण ती येईना. मिटल्या डोळ्यांपुढं चुलीचा लाल उजेड हलत होता आणि पलीकडं कुणीतरी होतं. नक्की होतं. ते घाई करत नव्हतं.

“देवा,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज भांडगावच्या बायकांसारखा निघाला, शिरूरच्या वसतिगृहातला नव्हे. “बरं केलंस. ह्या पोरीनं विचारलं, बरं केलंस. ह्या घरानं मला बोलावलं, बरं केलंस. माझा जयवंत मला दिलास, एवढी वर्षं दिलास.” भाकरीचा वास येत होता. “बरं केलंस.”

आणि ती आमेन म्हणायच्या आधीच म्हाळसाबाई म्हणाल्या, “व्हय.”